पोरं सांभाळताना फोन कुठं ठेवायचा

मी बेळगावातल्या वडगावची. लग्न होऊन आलो तेव्हा सासरी दोन माग होते आणि माझं काम कांड्या भरायचं. पुढं एक माग विकला, मग दुसरा विकला, आणि मी टिळकवाडीत एका घरी तान्ह्या बाळाला तेल लावून अंघोळ घालायला जायला लागलो. त्याला आता अठरा वर्षं झाली. तेलपाण्याचं काम वाढत वाढत दिवसभर पोर सांभाळायचं झालं. सध्या हातात आहे ते आठवं पोर. मुलगा असो नाहीतर मुलगी, मी सगळ्यांना गुंडूच म्हणतो. इथंही तेच म्हणणार, म्हणजे कुणाच्या घरातलं कुणाला कळायला नको.

मी सांगतोय आणि माझी मुलगी टाइप करतेय. पहिल्या ओळीलाच ती ‘मी आलो’चं ‘मी आले’ करायला निघाली. तिला म्हटलं, राहू दे. आमच्याकडं बायका असंच बोलतात. आणि ‘पण’च्या जागी ‘खरं’ दिसलं तर दचकू नका. ते बेळगावचं खरं आहे, खोट्याच्या विरुद्धचं नव्हे.

हे सांगायचं कारण असं. येळ्ळूरहून कामाला येणारी एक ओळखीची बाई आहे. मागच्या महिन्यात तिचं काम सुटलं. मालकीण दुपारी अचानक घरी आली, तर पोर पलंगावर एकटं उभं आणि ही गॅलरीत फोनवर. गोवावेसला बसची वाट बघत बसलेलो तेव्हा ती मला म्हणाली, “मग काय करू गं, उद्यापास्नं फोन घरातच ठिवून येऊ?” मी म्हटलं, तसं अजिबात करू नकोस. पोराला काही झालं तर काय धावत येऊन सांगणार आहेस? फोन पाहिजेच. खरं तो कुठं ठेवायचा, कधी घ्यायचा, कुणाचा घ्यायचा, हे ठरवायला लागतं. तिला बसमध्ये निम्मंच सांगून झालं. बाकीचं इथं सांगतो.

आधी माझीच चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मोठी शहाणी लागून गेली.

२०२३ ची गोष्ट. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याला २,००० रुपये नुकतेच सुरू झाले होते आणि आमच्या बचत संघाच्या ग्रुपवर दिवसभर तेच चालायचं, माझे आले, तुझे आले काय. तेव्हा माझ्याकडं चौदा महिन्यांची गुंडू होती, नुकतीच चालायला लागलेली. त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलेलं. आपल्या गावाला राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं. काही भागात नळ चोवीस तास असतो, बाकीच्या ठिकाणी काही दिवसांनी एकदा. त्या घरी रोज येत नव्हतं. म्हणून पाणी आलं की निळं पिंप, टब, घागरी, बादल्या, जे दिसेल ते भरून ठेवायचं.

गुंडू सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, डब्यांची झाकणं आपटत बसली होती. फोन माझ्या कमरेला खोचलेला. टुंग वाजलं. काढून बघितलं, ग्रुपवर एकीनं लिहिलेलं, माझे जमा झाले. मग माझे झाले का ते बघितलं. नव्हते. मग शेजारणीचा आवाजातला मेसेज आला, तो ऐकला, तिला उत्तर दिलं. एवढंच. मला वाटलं अर्धा मिनिट गेला असेल. आणि मग कानाला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं. झाकणांचा आवाज येत नव्हता.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. गुंडू बादलीच्या काठावर पोट टेकवून टाचा उचलून वाकली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. लाल मग तरंगत होता, तो तिला पाहिजे होता. ती हात पुढं करी तसा मग पुढं सरके. एक पाय जमिनीवरनं उचललेला. मी मागनं चड्डीला धरून ओढली. कपाळावरचे केस तेवढे भिजले होते. ती हसली. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो, कारण पाय धरेनात.

लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. तोल जाऊन ते पाण्यात गेलं की त्याला आपलं आपण वर काढता येत नाही. ओरडायलाही येत नाही. बुडणारं पोर हात मारतं, हाका मारतं, असं आपल्याला वाटतं. तसं काही होत नाही, नुसतं गप्प होतं. आणि त्याला विहीर लागत नाही, बादलीतलं चार बोटं पाणी पुरतं. हे मला नंतर गुंडूच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोपर्यंत मी पिंपालाच भीत होतो, बादलीला नाही.

संध्याकाळी वैनी, म्हणजे गुंडूची आई, आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. सांगायचं की नाही हा विचार दुपारभर केला, ते लपवत नाही. काम गेलं तर गेलं म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चहा उतू गेला तरी लक्ष नाही. मग म्हणाल्या, “मावशी, तेव्हा मीच तुम्हाला फोटो मागितला होता काय?” मी म्हटलं, नाही ओ, ग्रुप बघत होतो. तरी त्यांनी आपला फोन काढून मोजलं. सकाळपासून त्यांचे सहा कॉल आणि चौदा मेसेज. उठली का, खाल्लं का, शी झाली का, फोटो पाठवा. फोन कमरेला का खोचायला लागला होता, तर यासाठीच. मग आम्ही दोघी बसलो आणि ठरवलं. त्यातलं बरंचसं आजपर्यंत चालू आहे, नव्या घरीसुद्धा.

फोनची जागा

फोन अंगावर ठेवायचा नाही. कमरेला नाही, ब्लाऊजमध्ये नाही, गाऊनच्या खिशात नाही. अंगावर असला की वाजला नाही तरी हात जातो. खोटं वाटत असेल तर एक दिवस मोजून बघा.

माझी एक कापडी पिशवी आहे, जुन्या साडीची शिवलेली. ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ खुंटीला लावतो, पोराचा हात पोचणार नाही इतकी वर. फोन त्यात. आवाज पूर्ण मोठा. वाजला तर सगळ्या घरात ऐकू येतो, खरं बघायला उठून चार पावलं जायला लागतं. या चार पावलांत आपोआप विचार येतो, पोराला कुठं सोडून चाललोय? हातात असलेल्या फोनला तो विचार येत नाही. पोर लहान असेल तर काखेत घ्यायचं आणि जायचं. पिशवीजवळ उभ्यानंच बोलायचं, खुर्ची ओढून बसायचं नाही. बसलं की बोलणं लांबतं. आमच्या नणंदेचा फोन असला तर उभ्यानं पाय दुखून तरी संपतो.

फोन कपाटावर ठेवलात तरी चालेल, फ्रिजवर ठेवलात तरी चालेल. खरं चार्जिंगला लावून खाली लोंबत ठेवू नका. वायर ओढायला पोरं टपलेलीच असतात. चार्जिंग सकाळी घरातनं निघायच्या आधीच पूर्ण करून आणायचं. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि नेमकं त्याच दिवशी फोन पाहिजे असतो.

कुठला फोन वाजावा

हे माझ्या मुलीनं करून दिलं. तुमच्याही घरात कोणी शाळा-कॉलेजचं पोर असेल, त्याला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या घरात हा मोठा फोन २०२० मध्ये आला, तिच्या ऑनलाइन शाळेसाठी. त्याच्या आधी माझ्याकडं बटणांचा होता, बॅटरीवाला. तो नुसता वाजायचा आणि गप्प बसायचा. हा दिवसभर काहीतरी सांगत असतो. तर याला पुन्हा बटणांच्या फोनसारखा करायचा.

आधी कॉन्टॅक्टमध्ये जाऊन तीनच नावांना चांदणी लावायची. पोराची आई, पोराचे वडील, आणि आपल्या घरातलं एक माणूस. मग सेटिंगमध्ये आवाजाच्या ठिकाणी ‘डू नॉट डिस्टर्ब’ म्हणून असतं. तिथं कॉलमध्ये चांदणीवाल्यांनाच परवानगी द्यायची. तिथंच ‘रिपीट कॉलर’ असतं, ते चालू ठेवायचं. म्हणजे दुसऱ्या कुणी एकदा केला तर वाजत नाही, खरं त्याच माणसानं पंधरा मिनिटांच्या आत परत केला तर वाजतो. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, अगदी गरजेचं असलं तर लागोपाठ दोनदा करा. बहीण, पुतण्या, संघाची बाई, सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी सासूबाई पडल्या तेव्हा पुतण्यानं दोनदा केला, लगेच कळलं.

फोन साधा करायला सांगायचा, व्हॉट्सॲपवरनं नको. व्हॉट्सॲपचा कॉल यात अडकू शकतो.

ग्रुप म्यूट करायचे. ग्रुपवर बोट दाबून धरलं की वर तीन ठिपके नाहीतर घंटेची खूण येते, तिथं म्यूट, आणि कायमचं निवडायचं. आठ तासांचं निवडलं तर उद्या परत करायला लागतं, आणि उद्या आपण विसरतो. संघाचा हप्ता कधी आहे ते दुपारी बघितलं तरी चालतं. गृहलक्ष्मीचे पैसे आपण बघितल्यामुळं लवकर येत नाहीत, हे मला एवढ्या दिवसांनी कळलं. आणि जाता जाता सांगतो, पैसे अडकलेत, आलेला नंबर सांगा, म्हणून कुणाचा फोन आला तर ठेवून द्यायचा. घाईत, काखेत पोर घेऊन बोलताना माणूस फसतो. आमच्या गल्लीत एकजण फसली आहे.

फोनला हात लावायचाच नाही अशा वेळा

अंघोळ. तेल लावताना पोर आपल्या पायांवर आडवं, आपले हात खोबरेल तेलानं माखलेले. अशात फोन वाजला तर माणूस म्हणतं, वैनींचा असेल. असू दे. वैनींचा असला तरी वाजू दे. तेलकट हातातनं फोन निसटला तर काच फुटेल. फोनकडं बघताना पोर निसटलं तर? दारावर कुणी बेल मारली आणि उठायलाच लागलं, तर पोर टॉवेलात गुंडाळून बरोबर न्यायचं. टबात बसवून “आलो हं” म्हणून जायचं नाही. आणि अंघोळ झाली की बादली पालथी घालायची, पाण्याचा मग तिच्याखाली. न्हाणीघराच्या दाराला बाहेरनं वरच्या बाजूला कडी बसवून घ्या. सुताराला किंवा फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं तर लगेच होतं, मी दोन घरी बसवून घेतली. भरलेल्या पिंपावर घट्ट झाकण, नुसती पाटी टाकलेली चालत नाही.

भरवताना. याचं सगळ्यांना नवल वाटतं, बसूनच तर भरवतोय, त्यात काय? नीट बघा कधीतरी. सहा-आठ महिन्यांचं पोर घास तोंडात घेतं, जिभेनं इकडं तिकडं करतं, थोडा बाहेर ढकलतं, परत आत घेतं, आणि गिळायच्या आधी तुमच्या तोंडाकडं बघतं. गिळल्यावर परत बघतं. तेव्हा दुसरा घास द्यायचा. तुम्ही फोनकडं बघत असलात की हात आपला चमचा पुढं करतो, तोंडात पहिला घास तसाच असतो. मग ठसका. आम्ही नाचणीची पेज भरवतो, मऊ वरणभात भरवतो, तरी ठसका लागतो. जरा मोठ्या पोराच्या ताटात शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, फुटाणा असलं काही असलं तर विचारायलाच नको. ते मी पाच वर्षांच्या आत देतच नाही, कुणी कितीही म्हणू दे.

गॅस चालू असताना, जिन्यावर, गच्चीवर, रस्त्यावर, हे सांगायला नको. तरी रस्त्याचं एक सांगतो. टिळकवाडीत रेल्वेच्या गेटजवळनं संध्याकाळी पोर फिरवायला नेणाऱ्या बायका मी रोज बघतो. एका हातात पोराचं बोट, दुसऱ्या हातात फोन. बोट धरू नका, मनगट धरा. पोरानं झटका दिला की बोट सुटतं, मनगट सुटत नाही. आणि फोन पिशवीत.

मग फोन बघायचा कधी? पोर झोपलं की. ती वेळ आपली आहे, चोरून घ्यायची नाही. मी वैनींना पहिल्याच दिवशी सांगतो, गुंडू झोपली की अर्धा तास मी फोन बघणार, घरी बोलणार. आजपर्यंत कुणी नाही म्हटलेलं नाही. माझी मुलगी दीड वाजता करते, तिला माहीत आहे. दिवसभर ताटकळत बसलं की माणूस पोर जागं असतानाच लपून बघतं. वेळ ठरली की मन शांत असतं. खरं त्यातही दोन गोष्टी. कानात काही घालायचं नाही, एका कानातसुद्धा नाही. पोर उठताना आधी कुरकुरतं, ते ऐकू आलं पाहिजे. आणि पंधरा मिनिटांचा गजर लावायचा, उठून एकदा बघून यायचं. तान्हं असेल तर पाठीवरच झोपलंय ना, तोंडावर दुपटं आलं नाही ना. रील बघताना गजर नसेल तर मी तुम्हाला लिहून देतो, पाऊण तास जातो. माझा एकदा कुकरमधला भात करपून घरभर वास झाला. अजून त्यावरनं बोलणी ऐकतो.

आता वैनींसाठी

तुम्ही ऑफिसात बसून जीव पोराकडं लावून असता, हे मला कळतं. माझीही मुलगी आजीकडं सोडून मी दुसऱ्यांची पोरं सांभाळली. खरं दर तासाला फोटो मागितलात तर बाई फोन हातातच धरून बसणार. मग तीच बाई फोन बघते म्हणून तुम्ही रागावणार.

आमचं ठरलेलं असं. जेवण झाल्यावर एक फोटो आणि चार वाजता दूध पिऊन झाल्यावर एक. त्याच्याबरोबर आवाजात एक मेसेज, काय खाल्लं, किती वेळ झोपली, शी-शू. लिहायला मला वेळ लागतो, बोलायला नाही. जेवताना फोटो नाही, जेवण झाल्यावर. तोंडाला वरण लागलेलंच असतं, काळजी करू नका. मेसेजला लगेच उत्तर आलं नाही तर घाबरायचं नाही. घाबरण्यासारखं असलं तर साधा फोन करा, तो वाजतो.

फोटो आणि व्हिडिओ कॉल पाहिजे तर रिचार्ज तुम्ही भरा. हे बोलायला बायका लाजतात, म्हणून मी बोलतो.

कॅमेऱ्याचं. लावा, माझी काही हरकत नाही. सांगून लावा. एका घरी मला न सांगता देवाच्या फोटोमागं लावलेला होता. तीन महिन्यांनी मला तो झाडताना सापडला. त्यांनी काही वाईट बघितलं असं नाही, उलट मी कशी गाणी म्हणतो त्याचं हसत हसत कौतुक केलं. खरं मी त्या खोलीत रोज साडी बदलत होतो. महिना भरला आणि मी काम सोडलं. सोप्यात लावा, पोराच्या खोलीत लावा, बाईला दाखवा. जिथं ती कपडे बदलते तिथं नको.

आणि बाईंनो, आपल्या बाजूनंही एक पाळायचं. पोराचा फोटो आपल्या स्टेटसला ठेवायचा नाही. गुंडूच्या पहिल्या वाढदिवसाला मी हौसेनं ठेवला, केक, फुगे, मागं घराचं दार. दुसऱ्या दिवशी बसमध्ये एक अनोळखी बाई म्हणाली, “ती पोर गोड आहे गं, हिंदवाडीत राहतात न्हवं?” तिला माझा नंबर कसा मिळाला ते मला आजही माहीत नाही. दारावरचं नाव फोटोत वाचता येत होतं. त्याच दिवशी काढला. अंघोळीचा, उघड्या अंगाचा फोटो तर काढायचाच नाही, आईनं मागितला तरी.

पोराच्या हातात फोन

इथं आमच्या बायकांना फार बोल लागतो, खरं मी बघितलेल्या चार घरांपैकी तीन घरांत पोराला फोनची सवय घरच्यांनी लावलेली होती. एक अडीच वर्षांचा गुंडू, घरी कानडी बोलणारे लोक. फोन समोर लावल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. चमचा तोंडाजवळ आला की न बघता ‘आ’ करायचा. भात आहे की चपाती, त्याला माहीतच नसायचं.

त्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांच्या आत फोन-टीव्ही काहीच नको. लांबच्या नातेवाइकांशी कधीतरी व्हिडिओ कॉल झाला तर तेवढा चालतो. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी शेजारी बसून. मुलीनं शोधून बघितलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये हेच सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन वर्षांच्या आत नको आणि दोन ते चार वर्षांना तासाच्या आत, असं सांगितलंय.

फोन एकदम काढून घेतला तर घर डोक्यावर घेतात. मी असं केलं. पहिले दोन दिवस फोन चालू ठेवला, खरं पालथा, नुसतं गाणं ऐकू येईल असा. तो उलटा करायला बघायचा, मी परत पालथा घालायचो. तिसऱ्या दिवशी फोन बंद, तेच गाणं मी म्हणायचो, बेसूर. तो चिडला. पाचव्या दिवशी जागा बदलली. त्याला खिडकीत बसवलं, ताट मध्ये, आणि रस्त्यावरच्या रिक्षा मोजायला लावल्या. पिवळी रिक्षा गेली की एक घास त्यानं स्वतःच्या हातानं घ्यायचा, दुचाकी गेली की मी भरवायचा. सगळीकडं सांडलं. मधले दोन दिवस दुपारचं जवळजवळ खाल्लंच नाही. चार वाजता दूध आणि केळं खाल्लं, मरत नाही पोर. त्याची आई धीराची, खरं आजी! आज्जी माझ्या पाठीमागं हळूच आपला फोन लावून “ऊटा माड, ऊटा माड”, म्हणजे जेव, जेव, करत बसायच्या. त्यांना समजावण्यात चार दिवस जास्त गेले. दहा-बारा दिवसांनी तो फोनशिवाय जेवायला लागला. पावसाळ्यात जड गेलं. इथला जुलै म्हणजे दिवस-दिवस पाऊस थांबत नाही, खिडकीतनं रिक्षाही दिसेनात. तेव्हा वाट्या, पळ्या, झाकणं, जुन्या डब्यात भरलेले कपडे वाळत घालायचे चिमटे. मोठे चिमटे, तोंडात जाणार नाहीत असे.

सध्याच्या गुंडूचे बाबा गोव्यात कंपनीत आहेत, शनिवारी चोर्ला घाटातनं येतात. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत एक वाजता व्हिडिओ कॉल असतो. गुंडू माझ्या मांडीवर, फोन माझ्या हातात, तिच्या नाही. बाबा दिसले की ती स्वतःचं पाऊल उचलून त्यांना दाखवते, पैंजण. पाच-सात मिनिटं. मग बाबांना टाटा करून फोन खुंटीला.

अडचणीच्या वेळचा कागद

पिशवीत फोनबरोबर एक कागद असतो, तसाच दुसरा फ्रिजवर चिकटवलेला. वैनी, दादा, जवळची शेजारीण, मुलांचे डॉक्टर यांचे नंबर. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८. खाली घराचा पूर्ण पत्ता, घर नंबर, क्रॉस, जवळचं देऊळ. तुम्ही म्हणाल, रोज येतोय त्या घरचा पत्ता काय लिहायचा? घाबरल्यावर आठवत नाही. मला त्या बादलीच्या दिवशी वैनींचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

आणि फोनवर समोरचा कानडीत बोलतो. आपल्याला बाजारापुरतं येतं, खरं अशा वेळी तेही सुचत नाही. म्हणून कागदावर कानडी वाक्य मराठी अक्षरांत लिहून ठेवलंय, “मगू बिद्दैत्री, लगू बर्री”. पोर पडलंय, लवकर या. पत्ताही तसाच. दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघा. आमच्या गुंडूनं ऐकून ऐकून ते पाठ केलंय आणि बाहुली पडली की म्हणते.

फोनला कुलूप असेल तर त्याचा नंबर घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून ठेवा. पडायचं ते पोरच पडेल असं नाही, आपणही पडू शकतो.

येळ्ळूरच्या त्या बाईला आता अनगोळात काम मिळालंय. सोमवारी पहिला दिवस. तिला सांगितलंय, आत गेलीस की आधी चार गोष्टी विचार. पाणी कुठं भरून ठेवता? पोर झोपल्यावर मी फोन बघितला तर चालेल ना? फोटो किती वाजता पाहिजे? आणि पिशवी अडकवायला खुंटी आहे काय? नसली तर मी तिला दोन खिळे दिलेत.